फोडायचा की नाही, हा दुसरा प्रश्न

'माझं वय ५४. तपासणीत साखर काठावर आली म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. नवे, बऱ्यापैकी महागाचे बूट घेतले आणि पहिल्याच दिवसापासून तासभर चालायला लागले. पाचव्या दिवशी उजव्या टाचेच्या मागे अंगठ्याच्या नखाएवढा फोड. बूट घासतो म्हणून नाड्या सैल केल्या, जाड सुती मोजे एकावर एक दोन घातले. फोड वाढलाच, वर डाव्या करंगळीच्या कडेलाही एक आला. यजमानांनी सुई टोचून पाणी काढलं आणि वरची कातडी कात्रीने कापून टाकली. बहीण म्हणते, फोडाला हात लावायचाच नसतो. रोज रात्री पाय कोमट पाण्यात बुडवते, टाचा घासून मऊ ठेवते. तीन आठवडे घरी बसले. बरं वाटल्यावर निघाले तर चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा फोड! आता तो फोडू की तसाच ठेवू? चालणं बंद करू का? आणि बूट टाकून देऊ का?'

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. त्यांची उत्तरं देतेच. पण तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटलेली ओळ प्रश्नाची नव्हतीच. 'बूट घासतो म्हणून नाड्या सैल केल्या.' हे बहुतेक सगळेच करतात, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

आपली समजूत अशी की बूट कातडीवर घासतो, कातडी झिजते आणि फोड येतो. पण वरून घासलेली कातडी सोलवटते, खरचटते. फोडाची गोष्ट निराळी आहे. डाव्या हाताच्या पाठीवर उजव्या हाताचं बोट जरा दाबून ठेवा आणि ते जागेवरून सरकू न देता मागेपुढे हलवा. बोट कातडीला चिकटलेलंच राहतं, पण कातडी खालच्या हाडांवरून ओढली जाते. दिसतंय? चालताना टाचेत हेच चाललेलं असतं. मोजा कातडीला धरून, बूट मोज्याला धरून, आणि आतलं टाचेचं हाड मात्र प्रत्येक पावलाला वरखाली. दोघांच्या ओढाताणीत मधली कातडी सापडते. तासाभराच्या चालण्यात एकेका पायाची सुमारे तीन हजार पावलं पडतात. इतक्या वेळा ताणली गेल्यावर कातडीच्या बाह्य थराच्या आत, पृष्ठभागाच्या खाली, पेशींचे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात. मधल्या फटीत लस झिरपते आणि दोनेक तासांत ती टम्म भरते. म्हणून आपल्याला वाटतं की फोड घरी आल्यावर आला. तो वाटेतच आलेला असतो, भरतो तेवढा घरी.

टाचा, तळवे, तळहात या जागाच का, तेही यातून कळतं. तिथली बाहेरची कातडी जाड आणि खालच्या थरांना घट्ट बांधलेली असते, त्यामुळे पापुद्रे सुटले तरी वरचं छत टिकतं. पातळ कातडीच्या जागी असा फोड सहसा धरतच नाही, ती सरळ सोलून निघते.

आता नाड्यांकडे येऊ. नाड्या सैल केल्या की टाच बुटात जास्त उचलली जाते. म्हणजे जे हाड आधी थोडं हलत होतं, ते आता दुप्पट हलायला मोकळं झालं. तुम्ही बुटाचा जाच कमी केलात असं तुम्हाला वाटलं, पण टाचेचा प्रवास वाढवलात. टाचेच्या फोडाला बूट बोटांकडे सैल आणि घोट्याशी घट्ट हवा.

चालण्याच्या बऱ्याच बुटांना घोट्याजवळ सगळ्यांत वरती एक जादा भोक असतं, जरा मागे सरकलेलं, आणि बहुतेकांनी ते जन्मात वापरलेलं नसतं. त्याचं काम हेच. नाडी नेहमीप्रमाणे वरपर्यंत ओवून घ्या. मग प्रत्येक बाजूचं टोक त्याच बाजूच्या त्या शेवटच्या भोकात बाहेरून आत घाला, पण पूर्ण ओढू नका, बाहेर एक छोटा फास राहू द्या. आता डाव्या नाडीचं टोक उजव्या फासातून आणि उजव्याचं डाव्या फासातून काढा, खाली ओढून घट्ट करा आणि गाठ मारा. टाच मागे बसते आणि बसलेली राहते. बांधण्यापूर्वी बसून, टाच जमिनीवर टेकवून पाय दोनदा मागे ठोकायचा, म्हणजे टाच बुटाच्या खोबणीत जाते. उभ्याउभ्या पाय कोंबून नाड्या बांधणाऱ्यांची टाच पुढेच राहते आणि पहिल्या चढाला हलायला लागते. चढावर टाच सोसते, उतारावर बोटं सोसतात, एवढं लक्षात ठेवलंत तर कुठल्या रस्त्याने काय होतंय ते आपसूक कळेल.

दोन मोज्यांची कल्पना चांगली होती, मोजे चुकले. दोन मोज्यांमागचं तर्कशास्त्र असं की सरकायचं ते एका मोज्याने दुसऱ्यावर सरकावं, कातडीला त्रास नको. पण त्यासाठी आतला मोजा पातळ, गुळगुळीत, घाम बाहेर टाकणाऱ्या कृत्रिम धाग्याचा हवा. सुती मोजा घाम पितो आणि धरून ठेवतो. दोन ओले सुती मोजे एकमेकांना असे चिकटतात की त्यांचा एकच जाडजूड ओला मोजा होतो. शिवाय त्या जाडीने बूट आतून लहान झाला. करंगळीचा फोड मोजे वाढवल्यानंतर आला ना? तो बुटाने दिलेला नाही, मोज्यांनी दिलेला आहे.

घामाचं थोडं उलटसुलट आहे. अगदी कोरडी कातडी सरकते, अगदी निथळती ओलीही सरकते. चिकटते ती दमट कातडी, आणि बुटातला पाय नेमका दमट असतो. म्हणून लांब चालायचं असेल तेव्हा मध्येच थांबून मोजे बदलणं हा अत्यंत कंटाळवाणा पण गुणकारी उपाय आहे. पायाला घाम कमी यावा म्हणून घाम रोखणारी औषधंही लावून पाहिलेली आहेत. अमेरिकेतल्या लष्करी अकादमीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. २१ किलोमीटरच्या पायपिटीनंतर औषध लावलेल्यांपैकी २१ टक्क्यांना फोड आले, न लावलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. हे वाचून दुकानाकडे धावू नका. औषध लावलेल्यांपैकी ५७ टक्क्यांच्या पायांची आग झाली किंवा कातडी चिडली. तासाभराच्या रोजच्या फेरीसाठी एवढा सौदा मी करणार नाही.

पेट्रोलियम जेलीबद्दलही तेच. लावल्या लावल्या पाय मस्त सरकतो, पण जेली जिरली, मोज्यात गेली की कातडी उलट जास्त धरते. छोट्या फेरीला चालेल. लांबच्या चालण्याला ती पुन्हा पुन्हा लावावी लागते, नाहीतर न लावलेली बरी.

रात्रीचं कोमट पाणी बंद करा. निदान नव्याने चालायला लागल्यावर पहिले दोन महिने तरी. भिजून मऊ झालेली कातडी लवकर सुटते, आणि जी जाड होऊन तुमचं रक्षण करणार आहे तिलाच तुम्ही रोज रात्री घासून काढताय. टाचेला हळूहळू निबरपणा येणं हे या कामातलं शरीराचं उत्तर आहे, त्याला येऊ द्या. मात्र कातडी इतकीही जाड होऊ नये की कडा टणक होऊन घट्टा तयार होईल. घट्ट्याच्या खाली फोड आला तर तो खोल असतो, दुखतो फार आणि बाहेरून नीट दिसतही नाही. तळव्यावरून हात फिरवला तर गुळगुळीत जाडी लागावी, खडबडीत कड लागू नये. कड लागली तर तेवढीच हलक्या हाताने घासायची.

आता फोडाआधीच्या त्या दहा मिनिटांबद्दल, कारण खरा खेळ तिथे असतो. फोड येण्याआधी जागा हुळहुळते. मग चरचरते, मग गरम लागते. याच वेळी प्रत्येक माणूस स्वतःला एकच वाक्य सांगतो: आता थोडंच राहिलंय. मीही सांगितलंय. एकदा लांबच्या फेरीत शेवटचा दीड किलोमीटर मी तसाच ओढला, पाय वाकडा टाकत. टाच आठवड्यात बरी झाली. वाकडं चालल्याने धरलेला गुडघा मात्र तीन आठवडे कुरकुरत होता. आणि लोकांना पायांच्या व्यायामाचे सल्ले देणं हा माझा व्यवसाय आहे!

हुळहुळायला लागलं की थांबायचं. कट्टा, पायरी, जे मिळेल त्यावर बसायचं, बूट काढायचा, मोजा उलटा करून त्यात खडा, सुरकुती किंवा शिवण येतेय का पाहायचं, पाय पुसून कोरडा करायचा आणि त्या जागेवर कागदी चिकटपट्टी लावायची. जखमेवरचं ड्रेसिंग धरून ठेवायला दवाखान्यात जी पातळ पांढरी पट्टी लावतात तीच. खिशात तिची छोटी गुंडाळी ठेवा. ज्यांना फोड नेहमी ठरलेल्या जागी येतो त्यांनी ती घरूनच लावून निघावं, म्हणजे तुम्ही. १२८ धावपटूंवरचा या साध्या पट्टीचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात पट्टी लावलेल्या भागावर फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघालं. पट्टी सुरकुती न पडू देता, एकाच थरात, कोपरे गोल कापून लावायची. कोपरे टोकदार राहिले तर मोज्यात अडकून ते सुटतात आणि मग पट्टीच त्रास देते.

आला फोड, तर पुढे काय? यजमान अर्धे बरोबर, बहीण अर्धी बरोबर. दोघांनाही हे वाचून दाखवायला हरकत नाही.

फोड लहान असेल, दुखत नसेल, बुटात दबत नसेल, तर बहिणीचं ऐका. साबण-पाण्याने धुवा, कोरडा करा, वर पट्टी लावा आणि विसरा. छताखाली जे काम चालतं ते बघण्यासारखं असतं. साधारण पहिल्या २४ ते ३० तासांत तळाच्या पेशी वेगाने वाढायला लागतात, ४८ तासांत नवा थर दिसू लागतो आणि पाचेक दिवसांत वरची कठीण कातडीही पुन्हा तयार होते. लस हळूहळू आत शोषली जाते. हे सगळं वरच्या कातडीच्या आडोशाला होतं. तो आडोसा कात्रीने कापला की उघडं मांस राहतं, ते झोंबतं, जंतूंना दार मिळतं आणि बरं व्हायला जास्त दिवस लागतात. तुमचे तीन आठवडे कशात गेले, ते आलं ना लक्षात?

फोड मोठा, टम्म, ठणकणारा असेल आणि चालताना फुटणारच असं दिसत असेल, तर मात्र यजमानांची सुई चालते. फक्त सुई, कात्री नाही. हात साबणाने धुवा, फोड आणि भोवतालची जागा धुऊन स्पिरिटने पुसा. सुई पाकिटातली निर्जंतुक घ्या. ती मिळत नसेल तर साधी सुई स्पिरिटने नीट पुसून घ्या. मधोमध टोचू नका, कडेला टोचा. खालच्या बाजूला दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे उभं राहिल्यावर लस आपोआप उतरेल. स्वच्छ कापसाने हलकं दाबा आणि छत जसंच्या तसं खाली बसू द्या. पहिल्या दिवसात फोड पुन्हा भरतो, त्याला घाबरू नका. त्याच काळजीने पुन्हा लस काढा. पहिल्या २४ तासांत दोन-तीनदा असं केलं तर छत खालच्या कातडीला चांगलं चिकटतं. आत रक्त दिसत असेल तर सुई बाजूला ठेवा. तो फोड तसाच झाकायचा.

वर काय लावायचं? काहीही झोंबणारं नको. आयोडीन, स्पिरिट, घरगुती लेप, टूथपेस्ट, यांपैकी काही उघड्या जागेवर रोज चोपडू नका, नवी कातडी त्याने दुखावते. पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि न चिकटणारं ड्रेसिंग पुरतं. कातडी निघालेली असेल, तर हायड्रोकोलॉइडची पट्टी मिळते, जाडसर जेलीसारखी. ती लस शोषून पांढरी होते, फुगते, आणि लोक पू झाला समजून घाबरतात. तो पू नसतो. पट्टी स्वतःहून सुटेपर्यंत काही दिवस ठेवायची. काढताना वर ओढायची नाही, कातडीला समांतर ताणत सोडवायची, नाहीतर नवी कातडी तिच्याबरोबर निघून येते. जंतुसंसर्ग झालेल्या जखमेवर ही पट्टी लावायची नाही.

संसर्ग ओळखायचा कसा? फोडातली लस पाण्यासारखी असते, ती गढूळ, पिवळी, हिरवट झाली, वास यायला लागला, भोवतीची लाली दिवसागणिक पसरायला लागली, जागा गरम, दुखणं कमी होण्याऐवजी वाढतंय, पायावरून वर जाणारी लाल रेघ दिसली किंवा ताप आला, तर घरचे उपाय संपले. त्याच दिवशी डॉक्टर. मी हे जरा जोर देऊन सांगते त्याला कारण आहे. ३० जून १९२४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा बुटात मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. त्यातून रक्तात जंतू गेले आणि ७ जुलैला तो वारला. राष्ट्राध्यक्षाचा मुलगा, हाताशी उत्तमोत्तम डॉक्टर, तरीही. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा चार वर्षं अवकाश होता. आज औषधं आहेत, पण ती वेळेवर घेतली तरच उपयोगाची.

आणि तुमची साखर. काठावर म्हणताय, म्हणजे मधुमेह झालेला नाही, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना पायांची संवेदना तपासायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. ज्यांना मधुमेह आहे, पायाला बधिरपणा आहे किंवा पायातला रक्तपुरवठा कमी आहे, त्यांच्यासाठी वरचा सुईचा सगळा परिच्छेद बाद. त्यांनी फोड स्वतः फोडायचा नाही, दाखवायला जायचं. त्यांची खरी अडचण अशी की हुळहुळणं त्यांना कळतच नाही, पाय इशारा देत नाही. तुम्हाला टाच दुखतेय हे एका अर्थी चांगलंच आहे, आणि ही सवय तुम्ही आत्ताच लावून घ्या: रोज रात्री, पाय पाण्यात न बुडवता, दोन्ही तळवे आणि बोटांमधल्या बेचक्या डोळ्यांनी पाहायच्या. तळवा वळवून दिसत नसेल तर खाली आरसा ठेवायचा.

चालणं बंद करू का? नाही. फोड ठणकत असेल आणि लंगडावं लागत असेल तेवढे दिवस थांबा, दोन-चार दिवस पुरतात. त्यात घरी मागून उघड्या चपला घालून थोडं फिरा, टाचेला कोणी हात लावणार नाही. लंगडत चालणं म्हणजे व्यायाम नव्हे. बूट घालून दुखलं नाही की निघा, पण तासभर नाही. वीस मिनिटं. तीन-चार दिवस टाच शांत राहिली की पाच मिनिटं वाढवा. कातडीलाही सरावाला वेळ लागतो, आणि तो दमाला लागणाऱ्या वेळापेक्षा निराळा असतो. छाती तासाभराला तयार होती, टाच नव्हती, एवढंच झालं तुमच्या बाबतीत. तीन आठवडे घरी बसल्यावर टाच पुन्हा कोवळी झाली आणि तुम्ही पुन्हा तासावर गेलात, म्हणून चौथा दिवस.

फोडाची जागा अजून हळवी असेल तर जाडसर फेल्टची चकती घेऊन तिला मधोमध भोक पाडा, फोड भोकात येईल अशी चिकटवा. दाब कडेवर जातो. फोडावरच गादी लावायचा मोह होतो, पण त्याने दाब वाढतो.

राहिले बूट. टाकण्याआधी त्यांची उलटतपासणी घ्या. आतली सपाट गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभ्या राहा. करंगळी कडेच्या बाहेर येत असेल तर बूट अरुंद आहे, नाडीची कुठलीही युक्ती त्याला रुंद करणार नाही, तो बदलाच. सगळ्यांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. सगळ्यांत लांब बोट अंगठाच असतो असं नाही, आणि दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचं माप धरायचं. मग हात आत घालून टाचेची खोबण चाचपा. अस्तर फाटलंय, गोळा झालंय किंवा शिवण टोचतेय, तर तिथेच चोर आहे. काहीच सापडलं नाही आणि पातळ कृत्रिम मोजा घालून, वरची भोकं वापरून बांधल्यावर टाच उचलली जात नसेल, तर महागाचे बूट ठेवा. घ्यायचेच असतील तर संध्याकाळी जा, दिवसभरात पाय सुजून जरा मोठे होतात, आणि चालताना जे मोजे घालणार तेच घालून जा. दुकानात दोन पावलं टाकून आरशात बघणं पुरेसं नाही. दहा मिनिटं तिथे चालत राहा, विक्रेता कंटाळला तरी.